आमदारकीची मुदत बदलायची तर कुणाला विचारून?

कऱ्हाकाठ (धागा)

माझ्या आईने पहिलं मत दिलं ते १९७२ च्या मार्चमध्ये. वय बावीस, नुकतीच लग्न होऊन आलेली. त्या वर्षी पाऊस गेला आणि पुढचं वर्ष तिने दुष्काळी कामावर खडी फोडण्यात काढलं. कामावरच्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "पाच वर्षांनी मतं मागायला येतीलच की, तेव्हा बोलू." १९७७ चा मार्च आला. लोकसभेचं मतदान झालं, विधानसभेचं झालंच नाही. ते झालं १९७८ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात, १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींची मुदत पाचाची सहा वर्षं केली होती. ही वाढ तेव्हा बसलेल्या सभागृहांनाही लागू होती.

हे सगळं मी आईला परवा पहिल्यांदा नीट उलगडून सांगितलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "मी पाच वर्षांसाठी शिक्का मारला होता. वरचे महिने कुणाला विचारून घेतले?"

पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने पुन्हा पाच वर्षं केली. आज राज्यघटनेच्या कलम १७२ मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे की विधानसभा पहिल्या बैठकीच्या तारखेपासून पाच वर्षं, आणि त्याहून अधिक नाही. अपवाद एकच. आणीबाणी लागू असेल तर संसद कायदा करून एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष वाढवू शकते, आणि आणीबाणी उठल्यावर सहा महिन्यांच्या पुढे ती वाढ चालत नाही. केरळच्या विधानसभेला आणीबाणीत अशी सहा-सहा महिन्यांची वाढ तीनदा मिळाली होती.

आता वारा उलट्या दिशेने आहे. १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं गेलं, ज्याला आपण 'एक देश एक निवडणूक' म्हणतो. मांडायलाच मतविभागणी झाली, २६९ विरुद्ध १९८, आणि विधेयक ३९ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं. चर्चा सगळी चालते ती खर्चाची आणि आचारसंहितेची. त्यात आमदारांची मुदत कापली जाणार आहे, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. लोकसभेच्या एका पहिल्या बैठकीची तारीख 'नेमलेली तारीख' म्हणून जाहीर होईल. त्यानंतर ज्या ज्या विधानसभा निवडून येतील, त्या सगळ्या त्या लोकसभेबरोबरच संपतील. एखादी विधानसभा मध्येच बरखास्त झाली तर नवी निवडणूक फक्त उरलेल्या काळासाठी.

२०२९ च्या लोकसभेपासून हे लागू झालं असं धरून मी वही घेऊन बसलो. आपल्या सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ ला झाली, म्हणजे ती २०२९ च्या डिसेंबरपर्यंत. तिच्यानंतरची विधानसभा २०३४ च्या जूनच्या आसपास संपेल. साडेचार वर्षं. आपलं फारसं बिघडत नाही. पण गोवा २०२७ ला मत देणार, मग २०३२ ला, आणि २०३२ ची विधानसभा सव्वादोन वर्षांत गुंडाळायची. उत्तर प्रदेशचंही तेच. कर्नाटकात २०२३, २०२८, मग २०३३, आणि ती विधानसभा जेमतेम एक वर्षाची.

माझं म्हणणं सरळ आहे. मुदत चार वर्षांची असावी की सहा, यावर वाद घालता येईल, घालावाही. पण मत देताना जी मुदत सांगितली ती मधेच कुणी ताणू नये. आणि मताला पूर्ण मुदत मिळावी. उरलासुरला काळ भरून काढायला मतदाराला रांगेत उभं करू नये. एकत्र निवडणुकांना माझा विरोध नाही. विरोध या उरलेल्या मुदतीच्या कलमाला आहे.


शाळामास्तर

धागा आवडला, काकूंचा प्रश्नही रास्त आहे. पण दुसरी बाजू मांडतो, कारण ती मी अंगावर काढली आहे.

२०२४ साली मी दोन वेळा मतदान केंद्राध्यक्ष होतो. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा तोंडावर असताना लोकसभेची प्रशिक्षणं, दिवाळीच्या सुट्टीत विधानसभेची. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचं, यादीवर एकेक वस्तू टिक करायची, पेट्या सांभाळत एसटीने केंद्रावर पोचायचं. रात्री वर्गातले बाक जोडून आडवं व्हायचं, झोप लागत नाही. पहाटे प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, किमान पन्नास मतं, ती मोजून दाखवायची, यंत्र पुन्हा शून्यावर आणायचं, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद. मग दिवसभर मतदान, संध्याकाळी '१७ क' नमुन्यात नोंदलेल्या मतांचा हिशेब. परत साहित्य जमा करून घरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो.

मी कुरकुर करत नाही, हे काम मला अभिमानाचं वाटतं. पण सात महिन्यांत दोनदा? त्यात आमच्या शाळेत शिक्षक तिघे, तिघेही ड्युटीवर. मुलांचे ते दिवस कोण भरून देणार? शिवाय मंजूर झालेली वर्गखोली आचारसंहितेत अडकली ती वेगळीच. एकत्र निवडणुकांसाठी एखाद्या विधानसभेची मुदत एकदाच कमी झाली तर मला ते परवडण्यासारखं वाटतं.


कऱ्हाकाठ

मास्तर, तुमचा त्रास खराच आहे आणि तो मोजायलाच हवा. पण महाराष्ट्रात हे सहा महिन्यांचं अंतर पडलं कसं, ते बघा. १९७० च्या अखेरीला लोकसभा मुदतीआधी बरखास्त झाली, १९७१ ला लोकसभा आणि १९७२ ला विधानसभा असं वेगळं झालं. १९९९ ला ते पुन्हा जुळलं. १९९५ ला निवडून आलेली विधानसभा २००० च्या मार्चपर्यंत चालली असती. राज्य सरकारने ती स्वतःहून आधी बरखास्त करायला लावली आणि लोकसभेबरोबर मतदान घेतलं. २००४ ला लोकसभा पुन्हा लवकर झाली, विधानसभा ऑक्टोबरपर्यंत चालली, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात एक, दिवाळीच्या आगेमागे दुसरी.

म्हणजे जुळवायची वाट आजच्या घटनेतही आहे. सत्तेवरच्यांनी स्वतःचे सहा महिने सोडायचे, नव्यांना पूर्ण पाच वर्षं द्यायची. आपली मुदत आपण कमी करणं वेगळं, आणि पुढच्याच्या मुदतीला आधीच कात्री लावून ठेवणं वेगळं.


पेठेतले काका

१९९९ चा उल्लेख आला म्हणून एक आठवण. दोन्ही मतं एकाच वेळी दिली होती. लोकसभेला शिवसेना-भाजपला ४८ पैकी २८ जागा. विधानसभेला त्यांच्या १२५, आणि वेगवेगळे लढलेले काँग्रेस व राष्ट्रवादी मिळून १३३, सरकार त्या दोघांचं. एकत्र मतदान झालं की मतदार डोळे झाकून एकच बटण दाबतो असं जे सांगतात, ते निदान आपल्याकडे तरी इतकं सोपं नाही. (शिक्के होते की बटणं हा वाद नको, माझ्या केंद्रावर शिक्का होता.)

दुसरं, मुदतवाढीबद्दल. आणीबाणीत लोकसभेचीही मुदत वाढवली, तेव्हा मधू लिमये आणि शरद यादव तुरुंगात होते. जनतेने दिलेली मुदत संपल्यावर त्या खुर्चीवर आपला हक्क नाही, म्हणून दोघांनी तुरुंगातूनच राजीनामे पाठवले. लिमये आमच्या पुण्याचे. वाढीव वर्ष फुकट मिळत असताना ते नाकारणारी माणसं होऊन गेली, हे नव्या पोरांना सांगायला हवं.


सदाफुली

मला एक कळत नाही. मुदत कमी झाली तर मतदाराचं नुकसान काय? उलट दोन वर्षांनी पुन्हा दारात यावं लागेल, म्हणजे वचक राहील. वाढवणं वाईट हे पटलं. कमी करणं वाईट का?


माजी सरपंच

सदाफुली ताई, तुम्हाला उत्तर मी देते, कारण उरलेली मुदत मी भोगली आहे.

विधेयकातली ही कल्पना नवी नाही. पंचायत आणि नगरपालिकांना ती घटनेतच आहे, कलम २४३ ई आणि २४३ यू. मंडळ बरखास्त झालं तर नवं मंडळ फक्त राहिलेल्या काळापुरतं. सरपंचाची पोटनिवडणूकही तशीच. आमच्या गावचं सरपंचपद रिकामं झालं, मी उभी राहिले, निवडून आले. हातात चौदा महिने.

पहिले अडीच महिने कशात गेले सांगू? बँकेत सह्यांचे नमुने बदलणे, ग्रामसेवकांबरोबरचं संयुक्त खातं, मग डिजिटल सही. ती मिळेपर्यंत एक रुपया काढता येत नाही. तालुक्याच्या कार्यालयात सहा खेपा. कधी यंत्र बंद, कधी साहेब दौऱ्यावर. त्या वर्षाचा आराखडा आधीच्या मंडळाने मंजूर केलेला, त्यात आमच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीचं नावच नाही. नवा आराखडा ग्रामसभेत घातला, तो धरला जाणार पुढच्या वर्षी. टाकीची जागा, तांत्रिक मंजुरी, निविदा, मग लोकसभेची आचारसंहिता. शेवटचे सहा महिने तर जो तो म्हणायचा, "ताई, आता राहू द्या, नवीन बॉडी बघेल." ठेकेदारसुद्धा फोन उचलत नव्हता.

वचक म्हणता ना? वचक तेव्हा राहतो, जेव्हा माणसाला काम करायला वेळ दिला आणि त्याने केलं नाही. मला पुन्हा मतं मागताना सांगायला काहीच नव्हतं, आणि लोकांनाही मला जाब विचारता येत नव्हता. सगळं आधीच्यांवर ढकलता येत होतं. ढकललं नाही, पण येत होतं.


विधानभवनाच्या पायऱ्या

बारा वर्षं एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. सरपंच ताईंचं म्हणणं वरच्या पातळीवरही तंतोतंत लागू आहे.

नवा आमदार पहिल्या वर्षी शिकतो. तारांकित प्रश्न कधी टाकायचा, लक्षवेधी कशी लागते, कपात सूचनेत काय लिहायचं, कोणत्या विभागाची फाईल कोणत्या टेबलावर थांबते. दुसऱ्या वर्षी त्याला पुरवणी मागण्या समजायला लागतात. आमच्या मतदारसंघात एका उपसा सिंचन योजनेचं काम होतं. सुधारित प्रशासकीय मान्यता, भूसंपादनाचे निवाडे, वनखात्याची परवानगी. साहेबांनी पहिल्या अधिवेशनापासून धरलेलं काम, पाणी शिवारात आलं ते दुसऱ्या टर्मच्या मध्यावर. त्यांच्या जागी दीड वर्षाचा आमदार असता तर त्याने या फाईलला हात लावला नसता. सभामंडप, हायमास्ट दिवे, पेव्हर ब्लॉक, एवढंच. त्याचं उद्घाटन चार महिन्यांत करता येतं.

खरं सांगायचं तर मला पाच वर्षंही कमी वाटतात. विधान परिषदेला सहा आहेतच.


कऱ्हाकाठ

पायऱ्या दादा, सहा वर्षं हवीत असं वाटणं चूक नाही. जम्मू-काश्मीरची विधानसभा २०१९ पर्यंत सहा वर्षांचीच होती. १९७६ ची वाढ त्यांनी आपल्या वेगळ्या राज्यघटनेत घेतली आणि ४४ वी दुरुस्ती झाली तरी परत फिरवली नाही. पण परिषदेचं गणित वेगळं. तिथे दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात, सगळं सभागृह एकदम सहा वर्षं निर्धास्त बसत नाही. विधानसभा सहा वर्षांची हवी असेल तर लोकांपुढे जाऊन तसं सांगा आणि पुढच्या निवडणुकीपासून करा. बसल्या जागी नको.


ब्रिस्बेनवासी

अगदी हेच इथे, क्वीन्सलंड राज्यात झालं आहे म्हणून लिहितोय.

इथली विधानसभा तीन वर्षांची असायची, आणि निवडणुकीची तारीख सरकारच्या मर्जीवर. ती चार वर्षांची करायची, तारीखही ठरावीक करायची, असा प्रस्ताव आला. पण आमदारांनी तो परस्पर मंजूर करून टाकला नाही. १९ मार्च २०१६ ला, स्थानिक निवडणुकांबरोबर, सार्वमत घेतलं. मी तेव्हा नुकताच नागरिक झालो होतो, माझं पहिलं मत तेच. आमच्या इथल्या शाळेच्या मैदानात रांग, बाजूला पालक-शिक्षक संघाचा सॉसेज भाजण्याचा स्टॉल, आणि हातात एक साधा कागद. होय किंवा नाही. मतदान सक्तीचं, त्यामुळे सगळेच आलेले.

विरोधकांचा मुद्दा वजनदार होता. या राज्याला वरचं सभागृह नाही, ते १९२२ मध्येच रद्द झालं. अशा ठिकाणी चौथं वर्ष देणं म्हणजे लगाम सैल सोडणं. मी बराच विचार करून 'होय' दिलं. प्रस्ताव थोड्या फरकाने संमत झाला, साधारण ५३ टक्के.

पण सांगायची गोष्ट पुढे आहे. ज्या विधानसभेने प्रस्ताव आणला तिला वाढीव वर्ष मिळालं नाही. २०१७ ला निवडून आलेल्यांनाही नाही, त्यांची निवडणूक तीन वर्षांतच, ३१ ऑक्टोबर २०२० ला झाली. चार वर्षं सुरू झाली ती तिथून. काकूंना सांगा, इथे विचारून घेतलं.


कऱ्हाकाठ

ब्रिस्बेनकर, हा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला.

आपल्याकडे सार्वमताची सोय नाही, मान्य. पण निदान राज्यांना तरी विचारावं? 'एक देश एक निवडणूक' वरच्या कोविंद समितीचं मत असं की विधानसभांच्या मुदतीत बदल करायला निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागत नाही. ज्या सभागृहाची मुदत कापायची त्याचाच ठराव नको, हे मला पचत नाही.


मार्कंडेयाकाठची

मी बेळगावची. वरच्या हिशेबातलं ते 'जेमतेम एक वर्ष' आमच्या वाट्याचं.

आमच्याकडे सुवर्ण विधानसौध आहे, २०१२ ला उद्घाटन झालं. भव्य इमारत, आणि वर्षातून एकदा, हिवाळी अधिवेशनापुरती जागी होते. तेवढ्या दहा-बारा दिवसांत उत्तर कर्नाटकातले सगळे लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन तिथे येतात. ऊसवाले, अंगणवाडीताई, आम्ही मराठी माणसंही. बाहेर तंबू टाकून बसतात. मंत्री बेंगळुरूहून येणार, ते याच दिवसांत भेटणार. एक वर्षाच्या विधानसभेला असं अधिवेशन मिळणार एक. त्या वेळी आमदार नवा असेल, आणि पुढच्या वेळी तो असेलच असं नाही.

माझा धाकटा मुलगा २०३३ ला अठरा वर्षांचा होईल. पहिल्या मताचं त्याला केवढं अप्रूप आहे, दर निवडणुकीला माझ्या बोटाची शाई बघतो. ते मत एका वर्षाचं, हे त्याला कसं समजावू?


अकोल्याचा वकील

ताई, तुमच्या मुद्द्याला कायद्याचा आधार देतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१ अ. जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, पण राहिलेला कार्यकाळ एक वर्षाहून कमी असेल तर हे बंधन नाही. आमच्या अकोला पश्चिमच्या आमदारांचं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये निधन झालं. आयोगाने लोकसभेबरोबर, २६ एप्रिल २०२४ ला, पोटनिवडणूक जाहीर केली. विधानसभेची मुदत नोव्हेंबरात संपणार होती. मतदार न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्चमध्ये ती पोटनिवडणूक रद्द केली.

म्हणजे एका जागेसाठी वर्षाच्या आतली मुदत निवडणुकीच्या लायकीची नाही, असं आजचा कायदाच मानतो. मग कर्नाटकात २२४ जागांसाठी जेमतेम वर्षभराची मुदत कशी चालेल? आणि बरखास्तीनंतरची उरलेली मुदत तर त्याहूनही कमी निघू शकते.


शाळामास्तर

वकीलसाहेब, हे माहीत नव्हतं. माझं मत थोडं बदलतो. निवडणुका एकत्र व्हाव्यात असं मला अजूनही वाटतं, मुलांसाठी. पण एका वर्षाच्या विधानसभेसाठी बाक जोडून झोपायला माझी तयारी नाही. तसं झालं तर ड्युट्या कमी व्हायच्या ऐवजी वाढतीलच.


सदाफुली

सरपंच ताई, पटलं. एकच विचारते, टाकी झाली का?


माजी सरपंच

झाली. माझ्यानंतरच्या सरपंचांनी पूर्ण केली. त्यांना पूर्ण पाच वर्षं मिळाली आहेत.


कऱ्हाकाठ

आमच्या खासदारांना आणि संयुक्त समितीला पत्र लिहायला घेतलंय. कच्चा मसुदा असा: "विधानसभेच्या मुदतीत वाढ किंवा घट करायची असल्यास ती चालू विधानसभेला लागू करू नये आणि त्या राज्याच्या विधानसभेचा ठराव घ्यावा. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीतून येणाऱ्या विधानसभेला पूर्ण मुदत मिळावी. उरलेल्या मुदतीची तरतूद वगळावी." काही राहिलं का?


अकोल्याचा वकील

'वगळावी' च्या पुढे एक ओळ घाला: "ती वगळणे शक्य नसल्यास, कलम १५१ अ मधील तत्त्वानुसार, एक वर्षाहून कमी मुदतीसाठी तरी निवडणूक घेऊ नये." मुख्य मागणी फेटाळली तरी हा पर्याय त्यांना नाकारायला जड जाईल. मात्र विधानसभा बरखास्त आणि निवडणूकही नाही, म्हणजे तेवढे दिवस राष्ट्रपती राजवट, याचाही विचार करून ठेवा.


मार्कंडेयाकाठची

राष्ट्रपती राजवट नको हो. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि नंतर वर्षानुवर्षं प्रशासक बसला, ते माझी बहीण भोगत होती. नळाची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नाही. दादा, ती ओळ घालू नका. नवीन विधानसभेला पूर्ण पाच वर्षं, एवढंच ठेवा.


कऱ्हाकाठ

ताई, बरोबर आहे तुमचं. वकीलसाहेब, रागावू नका, ती ओळ घेत नाही. पत्र उद्या रजिस्टरने टाकतो. खाली आईचीही सही घेतली आहे, तिने ती तारखेसकट केली आणि तारखेपुढे कंसात १९७२ लिहिलं.